‘लक्षणीय परिणाम आढळला नाही’ : झिंक कोटिंगच्या पेपरमधल्या एका वाक्याबद्दल

झिंक कोटिंग आणि हाय स्ट्रेंथ स्टील या विषयावरचे पेपर वाचताना एक वाक्य वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटतं : ‘कोटिंगमुळे स्टीलच्या यांत्रिक गुणधर्मांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही.’ सोबत टेन्साईल टेस्टचा आलेख असतो. कोटिंग असलेल्या आणि नसलेल्या नमुन्यांच्या रेषा एकमेकींवर बसलेल्या असतात. वाचणारा पुढच्या पानावर जातो.

आज या वाक्यावर टीका करायची आहे. इतरांवर बोट दाखवण्याआधी सांगते, पहिल्या वर्षी हेच वाक्य मीही लिहिलं होतं.

माझं प्रकरण

मी एम.एस्सी. केमिस्ट्रीवाली. प्लेटिंगच्या टाकीतली रसायनं कळत होती, बोल्ट कळत नव्हता. इथल्या एका एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्याकडून १२.९ ग्रेडचे बोल्ट आणि त्याच ताकदीच्या स्टीलच्या गोल सळ्या झिंक करून आणल्या. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बोल्टच्या डोक्यावर १२.९ लिहिलेलं असतं तेव्हा पहिल्या आकड्याला १०० ने गुणायचं. ताणशक्ती साधारण १२०० मेगापास्कल. दुसरा आकडा सांगतो की कायमचा ताणला जाण्याची सुरुवात त्याच्या ९० टक्क्यांवर होते.) सळ्या यूटीएमवर ओढल्या. आलेख जुळले. आनंदाने कॉन्फरन्ससाठी अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवला.

उरलेले बोल्ट वाया कशाला घालवायचे म्हणून लॅबमधलं एक फिक्स्चर जाड प्लेटवर बसवायला वापरले. चांगले आवळले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन बोल्टची डोकी जमिनीवर पडलेली होती. बाकीचा भाग प्लेटमध्ये तसाच. फिक्स्चरला मधल्या काळात कुणी हात लावला नव्हता, त्याच्यावर कसलं वजनही नव्हतं. तुटलेला पृष्ठभाग स्वच्छ, कणीदार, ओढल्याची खूण नाही.

म्हणजे ज्या स्टीलबद्दल मी ‘परिणाम नाही’ असं लिहिलं होतं, तेच स्टील स्थिर लोडखाली आपोआप तुटलं होतं. अ‍ॅबस्ट्रॅक्ट परत घेतला. लॅबमध्ये हे झालं म्हणून फक्त लाज गेली. हाच बोल्ट एखाद्या प्रेसच्या फ्लायव्हीलवर किंवा क्रेनच्या हुकाजवळ असता, तर खाली उभ्या असलेल्या माणसाचं काय झालं असतं हा विचार अजून जात नाही.

नेमकं काय होतं

बोल्टवर झिंक चढवण्याआधी गंज आणि स्केल काढायला तो हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवतात. अ‍ॅसिड लोखंडाशी क्रिया करतं तेव्हा पृष्ठभागावर आधी हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. बहुतेक अणू जोडीने बुडबुडे होऊन निघून जातात, थोडे स्टीलच्या आत शिरतात. पुढे प्लेटिंगच्या टाकीत करंट सुरू झाला की बोल्ट कॅथोड असतो. सगळा करंट झिंक बसवायला वापरला जात नाही, काही भाग हायड्रोजन तयार करतो. तोही आत जातो. वजनाच्या हिशोबात हे प्रमाण दहा लाखांत एखाद-दोन भाग इतकं किरकोळ असलं, तरी खूप कडक स्टीलला ते पुरतं.

ही माहिती नवी नाही. डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं की अ‍ॅसिडमध्ये बुडवलेलं लोखंड आणि पोलाद चिवटपणा गमावतं, तुटलेला भाग ओला केला तर त्यातून बुडबुडे येतात, आणि काही काळ ठेवून दिलं तर चिवटपणा परत येतो. जवळपास दीडशे वर्षांपूर्वी ज्या गोष्टीचं निरीक्षण झालं, ती आपल्या आलेखात का दिसत नाही, हा खरा प्रश्न.

पहिला आक्षेप : चाचणीच चुकीची

साधी टेन्साईल टेस्ट दर सेकंदाला साधारण एक हजारांश इतक्या वेगाने नमुना ताणते. नमुना १० टक्के ताणून तुटायचा असेल तर १०० सेकंद लागतात. दीड-दोन मिनिटांत खेळ खलास.

हायड्रोजनला मात्र वेळ हवा. आत विखुरलेले अणू ज्या ठिकाणी ताण सर्वांत जास्त आहे तिकडे सरकतात, म्हणजे थ्रेडच्या मुळाशी, बोल्टच्या डोक्याखालच्या गोलाईत. तिथे पुरेसे जमले की बारीक तडा जातो. मग तड्याच्या टोकाशी पुन्हा जमा होणं, पुन्हा तडा. खोलीच्या तापमानाला कडक स्टीलमध्ये या प्रवासाला तास किंवा दिवस लागतात. शंभर सेकंदांत तो घडत नाही. शिवाय गुळगुळीत सळीत ताण सगळीकडे सारखा असतो, जमायला अशी जागाच नसते. थोडक्यात, आपण खाच नसलेला नमुना घेतो, घाईत ओढतो, आणि काही दिसलं नाही म्हणून ‘काही नाही’ असं लिहितो.

याला पर्याय दोन. एक म्हणजे अतिशय हळू ओढायचं. वेग हजारपट कमी केला, म्हणजे सेकंदाला दहा लाखांश, तर तेच १० टक्के ताणायला एक लाख सेकंद, साधारण २८ तास लागतात. दुसरा म्हणजे खाच असलेला नमुना स्थिर लोडखाली ठेवून वाट बघायची. एएसटीएम एफ ५१९ मध्ये खाच असलेल्या नमुन्यावर त्याच्या तुटण्याच्या लोडच्या ७५ टक्के लोड लावून २०० तास थांबतात. हे आकडे लक्षात ठेवा : १०० सेकंद आणि २०० तास. पेपर वाचताना ‘चाचणी’ या विभागात आधी वेळ शोधा. वेळ दिलेलीच नसेल तर तो निष्कर्ष ठिसूळपणाबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा आक्षेप : ‘झिंक कोटिंग’ ही एकच गोष्ट नाही

शीर्षकात ‘झिंक कोटिंगचा परिणाम’ असं लिहिलं की वाटतं, कोटिंग आहे किंवा नाही एवढाच फरक. प्रत्यक्षात स्टीलवर परिणाम करतं ते मुख्यतः तिथपर्यंत जाण्याच्या वाटेत जे घडतं ते. झिंकचा थर हा त्यातला शेवटचा टप्पा.

इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये थर साधारण ५ ते १५ मायक्रॉनचा, तापमान जवळपास खोलीचं. इथे मुद्दा हायड्रोजनचा. त्यातही टाकी कुठली यावर फरक पडतो. अ‍ॅसिड क्लोराइड टाकीत बहुतेक सगळा करंट झिंक बसवायला जातो. अल्कलाइन टाकीत कार्यक्षमता कमी, म्हणून हायड्रोजन जास्त. ‘झिंक प्लेटेड’ एवढंच लिहिलेल्या पेपरमधून हे कळणार कसं?

हॉट डिप गॅल्व्हनायझिंगमध्ये जॉब सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या झिंकमध्ये बुडतो. थर बऱ्याचदा ५० मायक्रॉनच्या वर, आणि त्यात लोखंड-झिंकच्या संयुगांचे पदर. इथे करंट नाही, पण आधीचं अ‍ॅसिड पिकलिंग असू शकतं, आणि उष्णता तर आहेच. बोल्ट आधी ४२५ अंशांवर टेम्पर केलेला असेल तर ४५० च्या टाकीत तो पुन्हा टेम्पर होतो, ताकद उतरते. हा बदल झिंकने केला की उष्णतेने? त्यासाठी तेच स्टील झिंकशिवाय तेवढाच वेळ तेवढंच तापवलेला नमुना हवा. असा नमुना ठेवलेले पेपर शोधून बघा, कमीच सापडतील.

मेकॅनिकल प्लेटिंगमध्ये झिंकची पूड काचेच्या मण्यांबरोबर पिंपात फिरवून ठोकून बसवतात. झिंक फ्लेक कोटिंग रंगासारखं लावून भाजतात. दोन्हींत करंट नाही. साफसफाई अ‍ॅसिडऐवजी ब्लास्टिंगने केली तर हायड्रोजन आत जायची वाटच बंद होते.

गाड्यांच्या पत्र्याची गोष्ट पुन्हा वेगळी. गरम करून प्रेस करायचं बोरॉन स्टील, २२एमएनबी५, सुमारे ९०० अंशांपर्यंत तापतं आणि प्रेसनंतर त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या आसपास जाते. झिंक ४२० अंशांच्या आतच वितळतं. वितळलेलं झिंक ताणाखालच्या स्टीलच्या कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि तडे पाडतं. हा द्रव धातूमुळे येणारा ठिसूळपणा. हायड्रोजनशी त्याचा संबंध नाही. तरी बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये दोन्ही एकाच ‘कोटिंगमुळे ठिसूळपणा’ या मथळ्याखाली येतात. विद्यार्थी ते वाचून सिनॉप्सिसमध्ये तसंच उतरवतो, आणि मग आरएसीत कुणी विचारलं की ‘यंत्रणा कुठली?’, तर गप्प.

तिसरा आक्षेप : ताकदीचा एकच आकडा

‘१००० मेगापास्कलच्या वर धोका’ हे सूत्र सोयीचं आहे. पण जपानचा आकाशी काइक्यो पूल बघा. १९९८ मध्ये खुला झाला, मधला गाळा १९९१ मीटर. त्याच्या मुख्य केबल १८०० मेगापास्कल वर्गाच्या तारांच्या आहेत आणि त्या तारा गॅल्व्हनाइज्ड आहेत. सूत्र खरं असतं तर या तारा वापरायची कुणाची हिंमत झाली नसती.

फरक आहे आतल्या रचनेत. तार पर्लाइटची, थंड ओढून बारीक केलेली. तिचे पदर तारेच्या लांबीला समांतर झालेले असतात, आडवा तडा सहज पुढे जात नाही. बोल्ट मात्र क्वेंच करून टेम्पर केलेल्या मार्टेन्साइटचा. तिथे हायड्रोजन जुन्या कणांच्या सीमा कमकुवत करतो आणि तडा त्या सीमांवरून धावतो. माझ्या तुटलेल्या बोल्टचा पृष्ठभाग कणीदार दिसला तो यामुळेच. तारेची अडचण दुसरी : गॅल्व्हनायझिंगच्या उष्णतेत तिची ताकद उतरते, म्हणून अशा तारांत सिलिकॉन वाढवतात. ताकद जास्त तारेची, तरी बोल्टचा धोका तिला लागू नाही.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं. आपल्याकडे तुटलेल्या बोल्टची चौकशी सहसा कारखान्याच्या भिंतीबाहेर येत नाही. सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड बे ब्रिजचं प्रकरण मात्र जाहीर अहवालांसकट उपलब्ध आहे, म्हणून ते सगळ्यांनी वाचावं. पुलाच्या नव्या पूर्व भागात ३ इंच व्यासाचे ९६ गॅल्व्हनाइज्ड अँकर रॉड २००८ मध्ये बसवले गेले. मार्च २०१३ मध्ये त्यांना ताण दिला. पुढच्या काही दिवसांत ३२ तुटले.

आता बघा. या रॉडचं स्टील एएसटीएम ए ३५४ बीडी. या व्यासाला त्यात कडकपणा रॉकवेल सी ३१ ते ३९ असावा लागतो. बोल्टच्या आजच्या मानकांत प्लेटिंगच्या हायड्रोजनचा धोका ३९ रॉकवेल सी किंवा ३९० विकर्सच्या वर धरतात. आयएसओ ४०४२ च्या २०१८ च्या आवृत्तीतही हीच रेषा आहे. १०.९ बोल्टची कमाल ३८० विकर्स, म्हणजे तो रेषेच्या खाली. १२.९ चा पल्ला ३८५ ते ४३५, म्हणजे जवळपास सगळा वर. या हिशोबाने बे ब्रिजचे रॉड सुरक्षित बाजूला होते. अ‍ॅसिडऐवजी ब्लास्टिंगने साफ करण्याची काळजीही घेतलेली होती. तरी तुटले.

पहिल्या धातुशास्त्रीय अहवालाने कारण हायड्रोजनचंच दिलं, आणि स्टीलची रचना एकसारखी नव्हती, चिवटपणा कमी होता हेही नोंदवलं. मग वाद सुरू झाला तो हायड्रोजन आला कुठून याचा. कारखान्यातून, की बाहेरून? रॉड बसवल्यापासून ताण देईपर्यंतच्या पाच वर्षांत त्यांच्या खालच्या टोकाशी पाणी साचलं होतं. पुढे मिठाच्या पाण्यात सावकाश लोड वाढवून केलेल्या चाचण्यांनंतर अधिकृत निष्कर्ष बाहेरच्या, म्हणजे वातावरणातून आलेल्या हायड्रोजनकडे झुकला.

इथे झिंकचीच एक बाजू पुढे येते, जी पेपरमध्ये क्वचित दिसते. झिंक स्टीलला वाचवतं ते स्वतः विरघळून आणि स्टीलला कॅथोड बनवून. पण ओल्या जागी, थर खरवडलेला असेल तिथे, कॅथोड झालेल्या स्टीलवर हायड्रोजन तयार होऊ शकतो. गंजापासून वाचवणारी क्रिया ताणाखालच्या कडक स्टीलमध्ये हायड्रोजन ढकलते. सॉल्ट स्प्रेच्या पेटीत ही गोष्ट कधीच दिसणार नाही, कारण तिथे ठेवलेल्या पट्टीवर ताणच नसतो. तरी कोटिंगच्या पेपरमध्ये पानंच्या पानं सॉल्ट स्प्रेच्या तासांवर खर्च होतात.

बेकिंग केलं की झालं?

प्लेटिंगनंतर १९० ते २२० अंशांवर भाजलं की हायड्रोजन निघून जातो, हे सगळ्यांना पाठ असतं. पेपरमध्येही ‘नमुने ४ तास बेक केले’ असं एका ओळीत येतं. पण ४ च का?

हायड्रोजन बाहेर यायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. बोल्टचा व्यास दुप्पट तर वेळ चौपट. एम ६ आणि एम २४ ला एकच वेळ चालणार नाही. त्यात झिंकचा थर स्वतःच हायड्रोजनला अडवतो, म्हणजे झाकण लावून भाजल्यासारखं. आयएसओ ९५८८ मध्ये स्टीलची ताकद वाढेल तशी बेकिंगची वेळ वाढत जाते. प्लेटिंगनंतर भट्टीत जायला किती उशीर झाला हेही महत्त्वाचं, शक्यतो ४ तासांच्या आत. रात्रभर ठेवून सकाळी भट्टीत टाकलेल्या बोल्टमध्ये तडा आधीच पडला असेल तर बेकिंग तो बुजवत नाही. आणि बेकिंग पॅसिव्हेशनच्या आधी करायचं असतं. पिवळा करून आणलेला जॉब नंतर भट्टीत घातला तर पॅसिव्हेशनचा थर खराब होतो. चलनावर फक्त ‘झिंक, पिवळा’ एवढंच लिहून जॉब पाठवला तर प्लेटिंगवाल्याला बोल्ट १२.९ चा आहे हे कळणारच नाही. मीही तेवढंच लिहून पाठवला होता. त्याची चूक नव्हती.

दुसरी बाजू

सगळेच पेपर चुकीचे आहेत असं मला म्हणायचं नाही. ८.८ ग्रेडच्या बोल्टवर ‘लक्षणीय परिणाम नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा बरोबरच असतं. त्याचा कडकपणा ३९० पासून खूप खाली आहे. थराची जाडी, चिकटपणा, संयुगांचे पदर यांवर चांगलं काम झालेलं आहे, त्यावर उभं राहूनच आपण बोलतो. साधनांचीही अडचण आहे. १९६२ मध्ये देवनाथन आणि स्ताखुर्स्की यांनी पातळ पत्र्यातून आरपार येणारा हायड्रोजन करंटच्या रूपात मोजायची दोन कप्प्यांची सेल मांडली, ती आजही वापरतात. तेवढी तरी आपल्या लॅबमध्ये उभी करता येते, पण २८ तास यूटीएम अडवून ठेवायला कोण देणार? रांगेत दहा जण असतात.

माझा आक्षेप एवढाच की जे मोजलं नाही त्याबद्दल वाक्य लिहू नये. ‘साध्या टेन्साईल टेस्टमध्ये फरक दिसला नाही, विलंबाने होणारी तूट तपासलेली नाही’ असं लिहिलं तर वाक्य खरं राहतं आणि वाचणारा सावध होतो.

तुम्ही हा विषय घेणार असाल तर

महागडं मशीन लागतंच असं नाही. आयएसओ १५३३० मधली पद्धत बघा : कडक, सपाट प्लेट, त्यात बोल्ट आवळायचे, कमीत कमी ४८ तास ठेवायचे, मधे पुन्हा आवळून बघायचं, तुटले का ते मोजायचं. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये अशी प्लेट बनवून मिळेल. फक्त एक काळजी. झिंकने घर्षण बदलतं, त्यामुळे एकाच टॉर्कने आवळलेल्या साध्या आणि झिंक केलेल्या बोल्टमध्ये ताण सारखा नसतो. टॉर्क सारखा ठेवून तुलना केली तर आपण घर्षणाची तुलना करत असतो. बोल्टमधला ताण वेगळा मोजा.

नमुन्यांचे गट निदान पाच ठेवा : काहीच न केलेले, फक्त पिकलिंग केलेले, पिकलिंग आणि प्लेटिंग केलेले, प्लेटिंगनंतर बेक केलेले, आणि प्लेटिंगशिवाय फक्त बेक केलेले. पाचवा गट बहुतेक जण विसरतात. उष्णतेने काय केलं हे तोच सांगतो. प्रत्येक गटातल्या बोल्टचा कडकपणा मोजून लिहा, डोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. टाकी कुठली, अ‍ॅसिडमध्ये किती मिनिटं, भट्टीत जायला किती उशीर, हे प्लेटिंगवाल्याकडे उभं राहून स्वतः टिपून घ्या. तिथे घालवलेली एक दुपार दहा पेपर वाचण्यापेक्षा जास्त शिकवते, हा माझा अनुभव.

त्या दोन तुटलेल्या डोक्यांपैकी एक मी एसईएमसाठी कापलं. दुसरं माझ्या टेबलावर आहे. कुठल्याही मसुद्यात ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहायची वेळ आली की मी त्याच्याकडे बघते आणि स्वतःला विचारते, शोधायला किती तास दिले होते?